घरच्या टीव्हीसाठी डिजिटल व्हिडिओ रेकॉर्डर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेकॉर्डर घ्यायचा म्हटले की बहुतेक जण आधी हार्ड डिस्क किती मोठी आहे हे विचारतात. आमच्या मते त्याआधी दोन गोष्टींची उत्तरे मिळायला हवीत: आपल्या घरी सिग्नल कुठून येतो, आणि केलेले रेकॉर्डिंग पुढे कुणाच्या ताब्यात राहते. ही उत्तरे हाती असली की बॉक्सची निवड पुष्कळशी आपोआप होते. म्हणून पुढील उत्तरांमध्ये या दोन मुद्द्यांकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळलो आहोत.

दुकानात डीव्हीआर मागितला की कॅमेऱ्यांचाच डबा का दाखवतात?

आपल्या बाजारात डीव्हीआर म्हणजे सीसीटीव्हीचा रेकॉर्डर असेच समजले जाते. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळ नुसते एवढेच मागितले, तर चार किंवा आठ कॅमेरे जोडण्याचा डबा समोर येतो. त्याच्या मागे कॅमेऱ्यांच्या केबलींसाठी गोल, फिरवून अडकवायच्या जोडण्या असतात. डिशचा किंवा केबलचा सिग्नल पकडणारा ट्यूनर त्यात नसतो आणि वाहिन्यांची यादीही नसते. तो स्वस्त मिळतो म्हणून टीव्हीसाठी घेऊ नये. ‘रेकॉर्डिंगवाला सेट-टॉप बॉक्स’ असे स्पष्ट सांगावे.

मालिका आणि सिनेमे मोबाइलवर मिळत असताना रेकॉर्डर घ्यावा का?

घरात चांगले ब्रॉडबँड असेल आणि पाहायच्या असतील त्या केवळ मराठी मालिका, तर रेकॉर्डरची गरज बहुधा नाही. झी मराठीच्या मालिका झी५ वर आणि स्टार प्रवाहच्या जिओहॉटस्टारवर मिळतात. तो पैसा तिकडे खर्च केलेला बरा.

मात्र टीव्हीवर येणारे सगळेच नंतर सापडते असे नाही. वृत्तवाहिन्यांवरील चर्चा, सह्याद्री वाहिनीवरील शेतीविषयक किंवा सांगीतिक कार्यक्रम, स्थानिक केबल वाहिनीवर दाखवलेला गावचा उत्सव, आपल्या ओळखीच्या कुणाची मुलाखत अशा गोष्टी एकदा हुकल्या की हाती लागणे कठीण होते. आषाढी एकादशीची शासकीय महापूजा पंढरपुरात पहाटे होते. ती पाहण्याची ओढ असलेल्या, पण तेव्हा जागे राहणे न झेपणाऱ्या आजी-आजोबांसाठी रेकॉर्डर ही फार मोलाची सोय आहे. त्यांना ॲप, पासवर्ड आणि ओटीपी यांपेक्षा रिमोटवरचे एक बटण जवळचे वाटते, आणि निवड करताना घरातल्या या माणसांचा विचार सर्वांत आधी व्हावा असे आम्हाला मनापासून वाटते. जिथे इंटरनेट वारंवार तुटते अशा गावांतही रेकॉर्डरचा उपयोग शहरापेक्षा जास्त आहे.

बाजारातून आपल्या पसंतीचा रेकॉर्डर आणून घरच्या डिशला किंवा केबलला जोडता येतो का?

सशुल्क सेवेसाठी जवळजवळ नाहीच. पूर्वी केबलची तार थेट टीव्हीला जोडलेली असे आणि तीच तार व्हीसीआरमध्ये घातली की कोणतीही वाहिनी रेकॉर्ड होत असे. केबलच्या डिजिटायझेशनने हे चित्र बदलले. मुंबईसाठी त्याची मुदत ३१ ऑक्टोबर २०१२ होती, तर पुणे, नागपूर, नाशिक यांसारख्या शहरांसाठी ३१ मार्च २०१३. त्यानंतर वाहिन्या कुलूपबंद स्वरूपात घरी येऊ लागल्या आणि ते कुलूप उघडण्याची किल्ली सेवा देणाऱ्या कंपनीच्या बॉक्समधील कार्डात किंवा चिपमध्ये राहिली. दुसऱ्या कोणत्याही यंत्राला तो सिग्नल मिळाला तरी उलगडत नाही. त्यामुळे रेकॉर्डिंगची सोय त्याच कंपनीच्या बॉक्समध्ये असावी लागते. भारतात टाटा स्कायने, म्हणजे आताच्या टाटा प्लेने, असा बॉक्स २००८ मध्ये ‘टाटा स्काय प्लस’ या नावाने आणला आणि पुढे इतर कंपन्यांनीही आणले.

याचा एक फायदाही आहे. उपग्रहावरून किंवा केबलवरून येणारे चित्र आधीच डिजिटल आणि दाबून लहान केलेले असते. बॉक्स ते जसेच्या तसे डिस्कवर उतरवून घेतो. त्यामुळे रेकॉर्डिंगचा दर्जा मूळ प्रक्षेपणाइतकाच राहतो आणि कितीही वेळा पाहिले तरी कॅसेटसारखा खालावत नाही.

आत हार्ड डिस्क असलेला बॉक्स घ्यावा, की यूएसबीला बाहेरची डिस्क जोडण्याचा?

आत डिस्क असलेल्या बॉक्समध्ये काहीही जोडावे लागत नाही, चालू कार्यक्रम थांबवून पुन्हा तिथूनच पाहण्याची सोय सहज चालते आणि घरातील ज्येष्ठांना शिकवायला तो सोपा असतो. पण ती डिस्क बिघडली की अख्खा बॉक्स दुरुस्तीला जातो आणि आतले रेकॉर्डिंग बहुधा परत मिळत नाही. यूएसबीच्या बॉक्सला आपली डिस्क लावता येते, भरली की दुसरी आणता येते आणि खर्च कमी येतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बाहेरची डिस्क आपण विकत घेतलेली असली, तरी सशुल्क वाहिन्यांचे तिच्यावरील रेकॉर्डिंग त्या एका बॉक्सशी बांधलेले असते. ती काढून लॅपटॉपला लावली तर फाइल दिसते पण चालत नाही. शेजाऱ्याकडच्या त्याच कंपनीच्या बॉक्सलाही ती सहसा उघडत नाही. रिचार्ज संपल्यावर जुने रेकॉर्डिंग पाहता येईल की नाही, हे कंपनी ठरवते. यूएसबीवरील रेकॉर्डिंगची सोय वेगळे पैसे भरून सुरू करावी लागते का, हेही आधी विचारावे. बॉक्सला यूएसबीचे तोंड आहे एवढ्यावरून ती सोय चालू आहे असे मानू नये.

सध्या कंपन्या जे अँड्रॉइड बॉक्स पुढे करतात, त्यांत वाहिन्या आणि ॲप एकत्र असतात, पण हार्ड डिस्क बहुधा नसते. काहींमध्ये मागील काही दिवसांचे भाग इंटरनेटवरून दाखवण्याची सोय असते. विक्रेता त्यालाच रेकॉर्डिंग म्हणत असेल तर सावध राहावे. ते भाग कंपनी ठेवील तेवढेच दिवस राहतात.

५०० जीबीमध्ये किती तास मावतात?

जाहिरातीत दिलेले तास साध्या दर्जाच्या वाहिन्यांवर मोजलेले असू शकतात, म्हणून हा हिशेब स्वतः करावा. एखादी एचडी वाहिनी सेकंदाला ८ मेगाबिट या वेगाने येत असेल, तर सेकंदाला १ मेगाबाइट आणि तासाला सुमारे ३.६ जीबी जागा लागते. म्हणजे ५०० जीबीमध्ये साधारण १३८ तास मावतील. साध्या दर्जाची वाहिनी ३ मेगाबिटने येत असेल तर तासाला सुमारे १.३५ जीबी लागते आणि त्याच डिस्कवर ३७० तासांपर्यंत रेकॉर्डिंग बसते. खेळाच्या वाहिन्या जास्त जागा घेतात, तर वृत्तवाहिन्या तुलनेने कमी, कारण वेगाने हलणारे चित्र दाबून लहान करणे अवघड असते.

प्रत्यक्षात यापेक्षा कमीच मिळते. थेट प्रक्षेपण थांबवण्यासाठी बॉक्स काही जागा राखून ठेवतो. शिवाय ५०० जीबीची डिस्क संगणकाला जोडली की ४६५ चा आकडा दिसतो. ती मोजण्याच्या पद्धतीतील तफावत आहे, फसवणूक नव्हे.

रोज अर्ध्या तासाच्या चार मालिका एचडीमध्ये रेकॉर्ड करणाऱ्या घराला दिवसाला सुमारे ७.२ जीबी लागतात. ते भाग आठवडाभरात पाहून पुसले जात असतील, तर ५०० जीबी भरपूर आहेत. साठवून ठेवण्याची हौस असेल तर १ टीबी घ्यावी. त्यापुढे पैसे घालण्यापेक्षा ते दोन ट्यूनरच्या बॉक्सवर खर्च करावेत असे आमचे मत आहे.

एक वाहिनी पाहताना दुसरी रेकॉर्ड होईल का?

त्यासाठी बॉक्समध्ये दोन ट्यूनर हवेत. घरात खरी ओढाताण होते ती संध्याकाळी सात ते दहा या वेळेत, जेव्हा एकाला मालिका हवी असते, दुसऱ्याला सामना आणि तिसऱ्याला बातम्या. एकाच ट्यूनरचा बॉक्स असेल तर रेकॉर्डिंग सुरू असताना तीच वाहिनी पाहावी लागते किंवा आधी केलेले रेकॉर्डिंग लावावे लागते. असा बॉक्स घेतलेल्या घरांमध्ये थोड्याच दिवसांत रेकॉर्डिंग बंद पडते, कारण दुसऱ्याचा कार्यक्रम अडवून आपला साठवणे कुणालाच बरे वाटत नाही.

उपग्रह सेवेसाठी नुसता दोन ट्यूनरचा बॉक्स पुरत नाही. छतावरील डिशच्या टोकाला सिग्नल पकडणारा जो एलएनबी हा भाग असतो, त्याला बॉक्स १३ किंवा १८ व्होल्टचा दाब पाठवून उभ्या ध्रुवणाच्या (म्हणजे लहरींच्या कंपनाच्या दिशेच्या) वाहिन्या हव्यात की आडव्या, हे सांगतो. एका केबलमधून एका वेळी त्यांतला एकच गट खाली येतो. पाहायची वाहिनी एका गटातील आणि रेकॉर्ड करायची दुसऱ्या गटातील असेल, तर एका केबलवर दोन्ही जमत नाहीत. म्हणून साधारणपणे दोन तोंडांचा एलएनबी बसवून बॉक्सपर्यंत दोन स्वतंत्र केबली आणाव्या लागतात. बसवायला आलेला माणूस एकच केबल आणून ‘चालेल’ म्हणाला, तर त्याच्यासमोरच एका वाहिनीचे रेकॉर्डिंग लावून बाकीच्या वाहिन्या एकेक करून उघडायचा प्रयत्न करावा. बॉक्स वाहिनी बदलायला नकार देईल, निदान काही वाहिन्यांवर तरी. हेच रेकॉर्डिंग लावून आधीचे एखादे साठवलेले पाहता येते का, हेही त्याच वेळी तपासावे. तसे पाहता यायला हवे.

सोसायटीच्या सामाईक डिशवरून कनेक्शन असेल तर दुसरी केबल मिळेल का, हे बॉक्स घेण्याआधी कमिटीला विचारावे. भिंतीतून नळी टाकलेल्या नव्या इमारतींमध्ये दुसऱ्या केबलीला जागाच नसते असे अनेकदा आढळते. केबल टीव्हीच्या ग्राहकांना ही अडचण नाही: सगळ्या वाहिन्या एकाच तारेतून एकत्र येतात आणि बॉक्स आतल्या आत त्या दोन ट्यूनरना वाटतो.

दूरदर्शनच्या फ्री डिशवर रेकॉर्डिंग करता येते का?

येते, आणि रेकॉर्डिंग खऱ्या अर्थाने आपल्या हाती राहण्याचा हाच मार्ग आहे. फ्री डिशच्या एमपेग-२ या, चित्र दाबून लहान करण्याच्या जुन्या पद्धतीच्या वाहिन्यांना कुलूप नसते. यूएसबीचे तोंड आणि मेनूमध्ये पीव्हीआरचा, म्हणजे रेकॉर्डिंगचा पर्याय असलेला साधा बॉक्स घेतला, की पेन ड्राइव्हवर रेकॉर्डिंग होते आणि ती फाइल संगणकावर व्हीएलसीसारख्या प्लेयरमध्ये चालते. सह्याद्री वाहिनीवरील एखादी मैफल वर्षानुवर्षे जपून ठेवायची असेल, तर आम्ही सशुल्क कंपनीच्या महागड्या बॉक्सपेक्षा हीच जोडणी सुचवू.

दोन अडचणी मात्र येतात. फ्री डिशवरील जागांचा लिलाव होतो आणि त्यानंतर वाहिन्यांची यादी बदलते. नवीन वाहिन्यांसाठी बॉक्स पुन्हा ट्यून केला की क्रमांक सरकतात आणि आधी लावलेला टायमर भलतीच वाहिनी रेकॉर्ड करतो. म्हणून ट्यूनिंगनंतर सगळे टायमर पुसून नव्याने लावावेत. दुसरे म्हणजे स्वस्त बॉक्समधील घड्याळ. काही बॉक्स उपग्रहावरून वेळ घेतात, पण त्यांत भारताचा साडेपाच तासांचा फरक भरावा लागतो. तो भरायचा राहिला तर रात्री नऊचे रेकॉर्डिंग मध्यरात्रीनंतर अडीचला सुरू होते. बॉक्सवरील वेळ हातातल्या घड्याळाशी जुळवून मगच टायमर लावावा.

कोणती डिस्क किंवा पेन ड्राइव्ह घ्यावी?

प्रयोगापुरती ३२ जीबीची पेन ड्राइव्ह चालते. नियमित वापरासाठी हार्ड डिस्क घ्यावी, कारण तासन्‌तास सलग लिहिताना स्वस्त पेन ड्राइव्ह तापतात आणि रेकॉर्डिंग मध्येच अडखळते.

यूएसबी २ च्या तोंडातून प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, पण लहान आकाराच्या अनेक हार्ड डिस्कना फिरायला सुरुवात करताना त्याहून जास्त लागते. डिस्क लावल्यावर बारीक टिक-टिक असा आवाज येत राहिला आणि बॉक्सने ती ओळखलीच नाही, तर डिस्क खराब नसून तिला वीज कमी पडत असण्याची शक्यता मोठी आहे. स्वतःचा ॲडॉप्टर असलेली डिस्क किंवा ॲडॉप्टरवर चालणारा यूएसबी हब वापरला की हे थांबते. आणखी एक त्रास फॅट३२ या फॉरमॅटचा: त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही. वर धरलेल्या वेगाने एचडी चित्र सव्वा तासाच्या आतच ही मर्यादा गाठते. मग बॉक्स फाइल तोडून पुढचा तुकडा सुरू करतो, किंवा थांबतो. बॉक्सला चालत असेल तर एनटीएफएस किंवा एक्सफॅट निवडावे. बॉक्स डिस्क फॉरमॅट करायला सांगतो तेव्हा तिच्यावरचे सगळे पुसले जाते, म्हणून लग्नाचे फोटो असलेली घरातली डिस्क या कामाला कधीही वापरू नये.

टीव्हीलाच यूएसबीचे तोंड आहे; तेवढे पुरेल का?

टीव्हीचे यूएसबी मुख्यतः फोटो आणि सिनेमे पाहण्यासाठी असते. काही टीव्हींमध्ये रेकॉर्डिंगचा पर्याय असतो, पण तो टीव्हीच्या स्वतःच्या ट्यूनरवर येणाऱ्या वाहिन्यांपुरताच चालतो. सेट-टॉप बॉक्समधून एचडीएमआयने आलेले चित्र टीव्ही रेकॉर्ड करत नाही.

अमेरिकेतील नातेवाईक तिथला रेकॉर्डर पाठवायला तयार आहेत. घ्यावा का?

घेऊ नये. तिकडचे ट्यूनर एटीएससी या प्रक्षेपण पद्धतीसाठी बनवलेले असतात आणि आपल्याकडे डीव्हीबी पद्धत आहे. विजेचा दाब ॲडॉप्टरने जुळवता येईल, सिग्नल जुळवता येणार नाही.

सामन्याचे शेवटचे षटक नेहमी कापले जाते. काय करावे?

बॉक्स कार्यक्रम-पत्रिकेत दिलेल्या वेळेप्रमाणे रेकॉर्डिंग संपवतो. पाऊस, सुपर ओव्हर किंवा लांबलेली विश्रांती त्याला कळत नाही. सामन्यासाठी शेवटची वेळ निदान एका तासाने वाढवून ठेवावी, किंवा त्याच वाहिनीवरचा पुढचा कार्यक्रमही रेकॉर्डिंगला लावावा. मालिकांसाठी आधी दोन आणि नंतर पाच मिनिटे जादा ठेवलेली चांगली. असा जादा वेळ ठरवण्याची सोय नसलेला बॉक्स, बाकी कितीही चांगला असला, तरी आम्ही सुचवणार नाही.

पूर्ण मालिका एकदाच लावण्याची सोय वापरताना दुपारचे पुनःप्रक्षेपण आणि रविवारचा महाएपिसोडही रेकॉर्ड होतो का, हे पहिल्या आठवड्यात पाहावे. फक्त नवीन भाग घेण्याचा पर्याय नसेल, तर एकच भाग दोनदा साठतो आणि डिस्क निष्कारण भरते.

पावसाळ्यात आणि लाइट गेल्यावर रेकॉर्डिंगचे काय होते?

डिशचा सिग्नल लहरींच्या ज्या पट्ट्यात, म्हणजे केयू बँडमध्ये येतो, तो जोरदार सरींनी क्षीण होतो. तेवढा वेळ रेकॉर्डिंगमध्ये चौकोन दिसतात किंवा चित्र गोठते, आणि यावर रेकॉर्डरकडे उपाय नाही. कोकणात आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी डिश नीट रोखलेली आहे ना, जोडण्यांत पाणी शिरत नाही ना, हे पावसाआधी पाहून घ्यावे. जिथे केबलचे जाळे चांगले आहे तिथे केबलचा बॉक्स पावसाळ्यात बहुधा अधिक भरवशाचा ठरतो, परंतु ऑपरेटरच्या कंट्रोल रूमलाही शेवटी डिशच असते.

लाइट गेल्यावर बॉक्स बंद पडतो. परत आल्यावर तो आपोआप सुरू होऊन अर्धवट रेकॉर्डिंग पुढे चालू करतो की रिमोटची वाट पाहत बसतो, हे बॉक्सगणिक वेगळे असते. भारनियमनाच्या भागात ही गोष्ट हमखास विचारावी आणि शक्य असेल तर बॉक्स इन्व्हर्टरच्या प्लगवर ठेवावा. चालू डिस्कला अचानक बसणारे विजेचे झटके तिच्या आयुष्याला घातक असतात.

रेकॉर्डिंग लावलेले असताना भिंतीवरचे बटण बंद करून चालत नाही. एखादा बॉक्स सतत १५ वॅट घेत असेल, तर ३० दिवसांत १०.८ युनिट होतात. हा खर्च धरूनच निर्णय घ्यावा. बॉक्स कायम गरम राहत असल्यामुळे त्यावर विणलेला रुमाल, देवाची तसबीर किंवा दुसरा बॉक्स ठेवू नये. बंद शोकेसच्या कप्प्यात तर मुळीच ठेवू नये.

घरी रेकॉर्ड करणे कायद्याने चालते का?

स्वतःच्या खासगी वापरासाठी चालते. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ३९ नुसार, रेकॉर्डिंग करणाऱ्याने ते स्वतःच्या खासगी उपयोगासाठी किंवा प्रामाणिकपणे शिकवण्यासाठी व संशोधनासाठी केले असेल, तर प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. तेच रेकॉर्डिंग मंडळाच्या मांडवात पडद्यावर दाखवणे, यूट्यूबवर चढवणे किंवा प्रती काढून विकणे या सवलतीत बसत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक कुलूप तोडण्यालाही गुन्हा ठरवते आणि त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. म्हणून एचडीएमआयचे एचडीसीपी हे नक्कल रोखणारे संरक्षण काढून कोणतेही चित्र रेकॉर्ड करून देणारी जी यंत्रे ऑनलाइन दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

कंपनी बदलायची आहे. जुन्या बॉक्समधील रेकॉर्डिंग नव्यात नेता येईल का?

थेट नेता येत नाही, कारण किल्ली जुन्या बॉक्सबरोबरच जाते. जुन्या बॉक्सला लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या तारांची एव्ही जोडणी असेल, तर संगणकाला लावण्याच्या साध्या व्हिडिओ कॅप्चर उपकरणाने मोजके कार्यक्रम स्वतःसाठी उतरवता येतात. कार्यक्रम जितक्या लांबीचा तितकाच वेळ लागतो आणि एचडी चित्राचे साधे चित्र होते. उतरवताना चित्र आळीपाळीने गडद आणि फिके होऊ लागले, तर बॉक्सने नक्कल रोखणारा संकेत मिसळला आहे असे समजून तिथेच थांबावे. हे काम जुने कनेक्शन चालू असतानाच करावे. रिचार्ज संपल्यावर बॉक्स साठवलेले कार्यक्रमही उघडू देईल याची खात्री नसते.